टेबल अस्तित्वात नाही

वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. तारीख १ एप्रिल. टेम्पोत माल भरलाय, ड्रायव्हरला दोनदा चहा पाजून झालाय. बिल काढणारी मुलगी एंटर दाबते आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते : अमुक नावाचं टेबल अस्तित्वात नाही. काल रात्री आठपर्यंत ते होतं. त्यावर वर्षभर बिलं निघाली. आणि आज मशीन सांगतंय की अशी काही वस्तूच नाही.

ऑफिसात मग ठरलेला क्रम सुरू होतो. कॉम्प्युटर बंद करून चालू. लॅनची वायर काढून परत घाल. मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन, आणि तो १ एप्रिलला फोन उचलत नाही, कारण त्याच्याकडे असे अजून वीस फोन आलेले असतात.

या ओळीची वेगवेगळी रूपं आहेत. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस सरळ ‘अस्तित्वात नाही’ म्हणतात. एसक्यूएल सर्व्हर ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’ म्हणतो, म्हणजे नावावरच संशय घेतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या दुकानांत आणि पतसंस्थांत फॉक्सप्रो होतं. तिथे एक टेबल म्हणजे डिस्कवरची एक फाईल, त्यामुळे ते ‘फाईल डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणायचं. शब्द वेगळे असले तरी गडबड सगळ्यांत एकच आहे : मशीनला जेवढं माहीत आहे त्यापेक्षा ते जास्त बोलतंय. त्याला ठाऊक इतकंच असतं की या नावाची वस्तू, या जागी, या माणसाच्या परवानगीने शोधली आणि मिळाली नाही. ‘मिळाली नाही’ला ते ‘नाहीच’ म्हणून मोकळं होतं.

या शहराला ही ओळ नवी नाही. औरंगाबाद म्हणा, छत्रपती संभाजीनगर म्हणा, इथल्या लोकांनी ती कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी ऐकली आहे, कचेरीच्या खिडकीतून : ‘तुमचं रेकॉर्ड नाही.’ सॉफ्टवेअरची चूक जशी शोधतात, तशाच पायऱ्यांनी या शहराच्या दप्तराकडे बघता येतं.

आधी नावाबद्दल. टेबलाला नावाने हाक मारायची ही पद्धत तशी अलीकडची. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध छापला. त्याच्या आधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहिती मशीनमध्ये नेमकी कुठे, कोणत्या क्रमाने, कशाला जोडून ठेवली आहे हे माहीत असावं लागे. कॉडचं म्हणणं, वापरणाऱ्याला या भानगडी कळायचं कारण नाही. माहिती तक्त्यांत ठेवा, तक्त्याला नाव द्या, रकान्यांना नावं द्या. मागणाऱ्याने नाव घ्यावं आणि मिळवावं. आज जगातला बहुतेक व्यापारी हिशेब या कल्पनेवर चालतो. पण सगळं नावावर टांगलं की नाव हुकलं तर सगळंच हुकतं.

म्हणून अनुभवी माणूस ही एरर बघून टेबल शोधत नाही. तो आधी विचारतो, आपण आहोत कुठे? प्रोग्रॅम नेमका कोणत्या सर्व्हरला, कोणत्या डेटाबेसला जोडलाय? नवीन मशीन घेतलं, पत्ता बदलला, सेटिंगच्या फाईलमध्ये जुनाच राहिला. किंवा टेस्टिंगसाठी केलेल्या रिकाम्या डेटाबेसला प्रोग्रॅम जोडलेला राहिला. टेबल शाबूत असतं, आपण चुकीच्या घराची कडी वाजवत असतो.

हे शहर १६१० साली मलिक अंबरने वसवलं तेव्हा त्याचं नाव खडकी होतं. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, फतेहनगर केलं. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा, १६५३ मध्ये, औरंगाबाद झालं. मोगलांच्या दख्खन सुभ्यांचा कारभार इथून चाले, आणि मोगली कारभार म्हणजे कागद. त्यातला एक प्रकार होता ‘अर्ज-ओ-चेहरा’. स्वाराचं नाव, बापाचं नाव, रंग, चेहऱ्यावरचा तीळ किंवा जखमेची खूण. मग घोड्याचा रंग आणि त्याच्यावरचा डाग. मनसबदाराने दुसऱ्याचे स्वार आणि भाड्याची तट्टं दाखवून पगार उचलू नये म्हणून ही हजेरी. कॉडला हा कागद दाखवला असता तर त्याने लगेच रकाने ओळखले असते.

१७६३ मध्ये निजामाने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला नेली. राजधानी गेली, पण शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले हे कागद इथल्या किल्ल्यात पडून राहिले, दीडशे वर्षं. १९१६ मध्ये ते हैदराबादला हलवले गेले. आज ते तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत, संख्या दीड लाखांच्या आसपास. युसुफ हुसेन खान यांनी १९५० च्या दशकात त्यातले निवडक कागद संपादित करून छापले, म्हणून जगभरच्या अभ्यासकांना ते कळले. औरंगाबादचा सतराव्या शतकातला पगारपत्रकाचा कागद बघायचा तर औरंगाबादकराने रात्रीची गाडी पकडून हैदराबादला जायचं, अशी ही स्थिती. टेबल आहे, सर्व्हर दुसरा.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो हौशी संशोधकांचा प्रश्न राहिला असता. पण १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्ह्याचे, तालुक्याचे कागद इकडे राहिले; संस्थानाच्या सचिवालयाचे, वरच्या पातळीचे कागद हैदराबादेत राहिले, जे आधी आंध्र प्रदेशाचं झालं आणि २०१४ पासून तेलंगणाचं आहे. मराठवाड्यातल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्या गाव न सोडता तीन राज्यांत राहिल्या. त्यांचा डेटाबेस मात्र फाटला.

त्याची किंमत काय, हे २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्टच्या शेवटी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि काही दिवसांतच निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. काम : मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणं. ऑक्टोबरअखेर सरकारने आकडा सांगितला. पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले, त्यात ११,५३० नोंदी सापडल्या. पुढे समिती हैदराबादलाही गेली. आरक्षण कुणाला, किती, कोणाच्या वाट्यातून, हा वाद मोठा आहे आणि तो कोर्टात आणि रस्त्यावर चालू आहे. मी त्यात शिरत नाही. माझं लक्ष त्या शोधाकडे आहे. कारण ज्यांना ‘नोंद नाही’ असं सांगितलं जात होतं, त्यांच्यापैकी काहींची नोंद होती.

मग मिळत का नव्हती? बऱ्याचदा नावामुळे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला जमिनीचा कागद म्हटलं की सातबारा आठवतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. ही नमुन्यांची पद्धत मुंबई इलाख्यातली. निजामाच्या राज्यात ती नव्हती. मराठवाड्यात १९४० चा सातबारा मागितलात तर उत्तर ‘नाही’ असंच येणार, आणि ते उत्तर खोटंही नसेल. इथे विचारायचं असतं पहाणी पत्रक, खासरा पत्रक, सेतवार. हक्कनोंदणीचा हैदराबादचा कायदाच १३५८ फसलीचा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे तो १९४८-४९ चा. वर्ष बदलतं ऑक्टोबरात, महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार. रजिस्टरवर १३५८ पाहून हे कुठल्या तरी मध्ययुगातलं आहे म्हणून बाजूला ठेवणारा कारकून मूर्ख नसतो. त्याला कुणी हा रूपांतराचा हिशेब सांगितलेला नसतो.

त्यात लिपी. कागद उर्दूत किंवा मोडीत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, तेव्हा ‘कुनबी’ हा शब्द संदर्भावाचून भलताच वाचला जाऊ शकतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवाय लिहिणाऱ्यांना घाई असायची. कुठे पूर्ण शब्द, कुठे नुसतं ‘कु.’. डेटाबेसवाल्यांना हे दुखणं ठाऊक आहे. मायएसक्यूएल विंडोजवर असेल तर टेबलाच्या नावात मोठं अक्षर की छोटं याची पर्वा करत नाही. तोच डेटाबेस लिनक्सवर नेला की ती दोन वेगळी नावं होतात. ऑफिसातल्या विंडोज मशीनवर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्रॅम स्वस्तातल्या क्लाउडवर नेला आणि पहिल्या दिवशी ‘टेबल नाही’, याचं कारण अनेकदा एवढंच असतं. काहीही हरवलेलं नसतं, फक्त नवं घर जास्त काटेकोर असतं.

आता शहराच्याच नावाकडे. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राने नव्या नावाला मान्यता दिली आणि शहर छत्रपती संभाजीनगर झालं. सप्टेंबरात जिल्हा आणि विभागाचीही अधिसूचना निघाली. त्यानंतर अनेक फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये लोक आपला जिल्हा शोधत बसले. ‘ए’खाली नाही, ‘एस’खाली नाही, मग ‘सी’खाली सापडला. पण गंमत बघा, पिनकोड ४३१००१ तोच. गाड्यांवर एमएच २० तेच. एसटीडी कोड ०२४० तोच, विमानतळाचा आयएक्सयू तोच. ज्यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याची ओळख कोडवर ठेवली होती त्यांना एका ओळीत नाव बदलून मोकळं होता आलं. ज्यांनी नावच ओळख म्हणून वापरलं होतं, त्यांच्याकडे एकाच ग्राहकाची दोन जिल्ह्यांत दोन खाती झाली. रेल्वेने मात्र २०२५ मध्ये स्टेशनचं नाव बदलताना कोडही बदलला, एडब्ल्यूबीचा सीपीएसएन केला. डेटाबेस सांभाळणाऱ्या कुणाच्या पोटात तेव्हा गोळा आला असणार.

टेबलाचं नाव बदलणं मशीनवर एका आज्ञेचं काम आहे. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव बदललं तरी त्या टेबलावर अवलंबून असलेले अहवाल आणि प्रोसीजर जुन्याच नावाने हाका मारत राहतात. ते एकेक करून शोधून दुरुस्त करावे लागतात, किंवा जुन्या नावाची पाटी नव्या दारावर लावून ठेवावी लागते. माणसांच्या जगात ही आज्ञा किती महाग पडू शकते हे याच शहराला माहीत आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. तो प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ ला, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळली, माणसं मारली गेली. तेव्हा ‘नावात काय आहे’ हे वाक्य या गावात कुणी टाकू नये.

जागा बरोबर, नाव बरोबर, तरी टेबल नाही. मग बघायचं, विचारणारा कोण आहे. ओरॅकलमध्ये एक मुद्दाम केलेली लबाडी आहे. एखादं टेबल बघायची तुम्हाला परवानगी नसेल, तर ओरॅकल ‘परवानगी नाही’ म्हणत नाही. ‘टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही’ असंच म्हणतं. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण ‘परवानगी नाही’ म्हटलं की वस्तू आहे हे कळतं. त्यामुळे शहाणा माणूस तीच विचारणा ॲडमिनच्या लॉगिनने करून बघतो. त्याला दिसलं, तुम्हाला नाही, म्हणजे प्रश्न टेबलाचा नव्हताच.

रेकॉर्ड रूमच्या खिडकीवरही दोन लॉगिन असतात. एरवी गावाहून एकटा आलेला माणूस नक्कल मागतो तेव्हा ‘नाही’ ऐकून परत जातो. २०२३ मध्ये वरून आदेश आला, कामाला माणसं मिळाली, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले, आणि त्याच कपाटांतून कागद निघाले. कपाटं बदलली नव्हती.

आणि भार कुणावर? जात प्रमाणपत्राच्या महाराष्ट्राच्या कायद्यात कलम ८ सांगतं की दावा सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची. ओबीसीसाठी पुरावा पाहिला जातो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. कारखान्यात टेबल हरवलं तर बिल काढणाऱ्या मुलीला कुणी म्हणत नाही की ते होतं हे तूच सिद्ध कर. इथे म्हणतात. पालावर राहिलेल्या, ज्यांच्या आजोबांना शाळेत कुणी नावच घातलं नाही अशा माणसाकडे त्या तारखेच्या आधीचा कागद कुठून येणार? कुणबी नोंदींची चर्चा मोठ्या आवाजात झाली. या लोकांची ‘नोंद नाही’ ही तक्रार तिच्याआधीपासून आहे आणि तिच्यासाठी पावणेदोन कोटी कागद कुणी उघडले नाहीत.

काही टेबलं खरंच कधी तयारच झालेली नसतात. १ एप्रिलची एरर बहुतेक या जातीची. जुन्या देशी सॉफ्टवेअरमध्ये दर आर्थिक वर्षाचं टेबल वेगळं, नावातच साल. वर्ष बदललं की ‘नवीन वर्ष तयार करा’ हे बटण कुणीतरी दाबायचं असतं. न दाबताच बिल काढायला गेलं की प्रोग्रॅम पुढच्या वर्षाचं टेबल मागतो, जे अजून जन्मलेलं नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा याचीच मोठी आवृत्ती : प्रोग्रॅम नवा टाकला, डेटाबेसमध्ये नवी टेबलं तयार करणारी स्क्रिप्ट अर्ध्यात थांबली. अर्धं घर नवीन, अर्धं जुनं.

भारताच्या इतिहासातलं असं न जन्मलेलं सर्वांत प्रसिद्ध टेबल १९४१ च्या जनगणनेचं आहे. १९३१ पर्यंत जातींचा तक्ता निघत होता. १९४१ मध्ये महायुद्ध चालू, पैसा नाही; मोजणी झाली, पण अखिल भारतीय जातींचा तक्ता काढलाच नाही. १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून जात मोजणंच थांबलं. म्हणून १९८० मध्ये मंडल आयोगाला इतर मागासवर्गीयांची लोकसंख्या काढताना पन्नास वर्षं जुन्या १९३१ च्या आकड्यांवर भिस्त ठेवावी लागली. एक टेबल तयार करायचं राहिलं आणि पुढच्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजू त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहिल्या.

२ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटिअरच्या नोंदी विचारात घेण्याचा निर्णय काढला तेव्हा अनेकांना वाटलं की हरवलेलं टेबल मिळालं. पण गॅझेटिअर आणि जुन्या जनगणनेचे ग्रंथ यांत असते ती बेरीज. जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव नसतं. घरोघरच्या चिठ्ठ्यांवरून ती बेरीज हाताने काढली आणि चिठ्ठ्या जपल्या गेल्या नाहीत. हिशेबाच्या भाषेत, ताळेबंदाची छापील प्रत आहे, व्हाउचर गेलेली आहेत. ताळेबंदावरून व्हाउचर परत तयार करता येत नाहीत. म्हणून त्याच निर्णयात गावपातळीवर तीन कर्मचाऱ्यांची समिती, चौकशी, प्रतिज्ञापत्र अशी दुसरी वाट धरलेली आहे. तिच्यावर आक्षेप आहेत, ते असणारच.

उरलं ते खरंच नष्ट झालेलं टेबल. त्याबद्दल बोलण्यासारखं कमी आहे. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि फायली जळाल्या. त्यातल्या अनेक जिल्ह्यांतून, दुसऱ्या खात्यांतून प्रती मागवून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. याला बॅकअप म्हणतात, आणि तो दुसऱ्या इमारतीत असावा लागतो. कारखान्यात तो पेनड्राइव्ह त्याच मशीनच्या मागे लावलेला असतो, रॅन्समवेअर आलं की दोन्ही एकदमच जातात. तो काढून दुसरीकडे ठेवायला संध्याकाळची दोन मिनिटं लागतात.

एक गोष्ट मात्र कधी करू नये, आणि घाईत तीच केली जाते. एरर येते म्हणून त्याच नावाचं एक रिकामं टेबल तयार करायचं. एरर लगेच जाते, प्रोग्रॅम उघडतो, टेम्पो निघतो. पण बिल नंबर एकपासून सुरू होतात, जुनी उधारी शून्य दिसते, आणि महिन्याने खरं टेबल सापडलं की एकाच नंबरची दोन बिलं हातात. त्याआधी डेटाबेसची यादी बघावी. प्रत्येक डेटाबेसकडे स्वतःच्या टेबलांची यादी असते, आणि कॉडचा हट्ट असा की ती यादीसुद्धा एक टेबलच असावी, म्हणजे तिलाही तसंच विचारता येईल. त्या यादीत बहुतेक वेळा हरवलेलं टेबल सापडतं, एका अक्षराच्या फरकाने, दुसऱ्या नावाखाली.

रेकॉर्ड रूममध्ये अशी यादी करणं हे सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महाग काम. कपड्यात बांधलेला बस्ता सोडायचा, पान वाचायचं, गाव, फसली साल, कागदाचा प्रकार लिहायचा, परत बांधायचा. स्कॅनिंगचा फोटो पेपरात येतो, यादीचा येत नाही. कुणबी नोंदींच्या वेळी सापडलेले कागद जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय टाकले गेले. मोबाईलवर उघडतात. पण बरीचशी पानं म्हणजे स्कॅन केलेली चित्रं. शोधाच्या चौकटीत आजोबांचं नाव टाकलं की फोन सांगतो, काही आढळलं नाही. मग पहिल्या पानापासून, मोडी येत असेल तर, एकेक ओळ वाचत खाली जायचं.